काळी चारमधलं कुत्रं

"कुत्रं माझं हाय, पन सूर त्येचा सोताचा हाय," असं जोतीराम एकदा म्हणाला होता. म्हणाला तेही कुणाला, तर कोल्हापूरहून तंबोरा न्यायला आलेल्या एका नावाजलेल्या गवयाला. गवई पान चघळत दुकानाच्या पायरीवर बसले होते आणि तुंब्या नावाचं तांबूस कुत्रं त्यांच्या जोड्यांचा वास घेत होतं. गवई हसले. त्यांना वाटलं, कारागीर चेष्टा करतोय. दुकानाचे मालक, ज्यांना सगळी गल्ली चाचा म्हणे, ते मात्र हसले नाहीत. जोतीराम चेष्टा करत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चेष्टा करायला माणसाला जगाकडे थोडं तिरपं बघावं लागतं, आणि जोतीराम जगाकडे बघतच नसे. तो ते ऐकत असे.

मिरजेच्या त्या गल्लीत तंबोरे आणि सतारी बनत. कुणी भोपळे कापी, कुणी खुंट्या घडवी, कुणी लाकडाला रंग देई. जोतीरामचं काम सगळ्यांत शेवटचं आणि दिसायला सगळ्यांत लहान. जवारी लावायची. तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं इतक्या हलक्या हातानं घासायचा की तार तिच्यावर नुसती टेकू नये, तिच्याशी बोलावी. दिवसभर एकच तार छेडायची, कान द्यायचा, केसभर घासायचं, परत छेडायची. बघणाऱ्याला वाटे, हा माणूस काहीच करत नाही. त्याच्या बायकोलाही लग्न होऊन आल्यावर वर्षभर तसंच वाटलं होतं. शालूबाई जतच्या पलीकडच्या कोरडवाहू गावातली. घरी बाजरी, ज्वारी आणि थोडी मेंढरं. तिच्याकडं काम म्हटलं की घाम निघायचा. हा नवरा सकाळी आंघोळ करून जायचा आणि संध्याकाळी तसाच्या तसा स्वच्छ परत यायचा. तिनं माहेरी आईला सांगितलं होतं, "मानूस चांगला हाय, पन काम काय करतो ते इचारू नगंस."

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली होती. दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या. घरात उरली होती ती दोघं आणि तुंब्या.

तुंब्या घरात आला तो भोपळ्यातून. गावाबाहेरच्या माळावर कापलेले भोपळे वाळत घातलेले असत. तंबोऱ्याच्या भोपळ्याला तुंबा म्हणतात. त्यातल्या एका अर्ध्या तुंब्यात एक पिल्लू अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं सापडलं, आणि त्यानं तो तुंबा चांगलाच ओला केलेला होता. चाचा म्हणाले, "भोपळा नासला. आता दोन्ही तूच घेऊन जा." जोतीरामनं दोन्ही आणले. भोपळ्यात शालूबाईनं मेथी लावली आणि कुत्र्याला भोपळ्याचं नाव मिळालं.

वर्षभराचं झाल्यावर तुंब्या गायला लागला. रोज पहाटे, शालूबाई चूल पेटवायच्या खटपटीत असताना, तो अंगणात बसे, नाक आभाळाकडे करी आणि एक लांब सूर लावी. इतर कुत्र्यांचं रडणं वर जातं, खाली येतं, वळणं घेतं. ह्याचा सूर ताणलेल्या तारेसारखा सरळ जायचा. पहिल्या दिवशी जोतीराम पांघरुणासकट अंगणात धावला. दुसऱ्या दिवशी सूर कानात धरून तो तसाच बिनचहाचा दुकानात गेला आणि बाजाच्या पेटीवर बोट ठेवून परत आला.

"काळी चार," तो म्हणाला.

"काय चार?"

"पेटीवरची काळी चार. बायका गातात ती पट्टी. लय उंच."

"गडी आसून बायकांच्या पट्टीत?" समोरच्या घरातून तात्याबा ओरडला. तात्याबा म्हणजे गल्लीतलं सगळं ऐकायचं आणि त्यावर आपलं मत सांगायचं असं व्रत घेतलेला म्हातारा. "जोतीराम, त्येला लुगडं घे आता."

पण दुसऱ्या पहाटेही काळी चार, तिसऱ्या पहाटेही काळी चार. हिवाळा असो, उन्हाळा असो, पोट भरलेलं असो, रिकामं असो. माणसाचा आवाज थंडीनं बसतो, तंबोरा दमट हवेनं उतरतो, पेटी जुनी होते. तुंब्या उतरत नव्हता. जोतीराम दिवसभर दुसऱ्यांच्या तारा जुळवी, आणि पहाटे अंथरुणात डोळे मिटून पडल्या पडल्या जुळवावं न लागणारं असं काहीतरी ऐके. त्याच्या तोंडावर त्या वेळी जे यायचं ते शालूबाईनं लग्नाच्या मंडपातही पाहिलं नव्हतं. तिला त्याचं थोडं हसू येई, थोडा राग येई. पण पहाट तिला आवडू लागली होती, हेही खरं.

मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी माळावरून मेंढरांचा कळप गेला. जतच्या बाजूची माणसं थंडी पडली की मेंढरं घेऊन कृष्णेच्या काठाला उतरतात. जोतीराम भोपळे उलटे करत होता. तुंब्या शेपूट वर करून पाहुण्यांच्या स्वागताला गेला. कळपातलं एक काळंपांढरं, मानेत लाकडाचा ओंडका बांधलेलं कुत्रं निघालं, सरळ आलं, तुंब्याचा कान धरला, सोडला आणि आल्या वाटेनं मेंढरांत परत गेलं. जोतीराम धोतर सावरत पोचेपर्यंत धूळ खाली बसली होती.

"भुकलं न्हाई," तो घरी आल्यावर सांगत होता. अंगाच्या साबणाची अख्खी वडी त्यानं तुंब्याच्या कानावर झिजवली होती. "गुरगुरलं न्हाई. त्येला आवाजच न्हाई, अगं. आवाज गेलेलं कुत्रं म्हंजे काय?"

"म्हंजे मेंढराचं कुत्रं," शालूबाई म्हणाली. "आमच्याकडची आशीच आस्त्यात. भुकत बसलं तर लांडगा थांबतो व्हय?"

"तोंडाला फेस व्हता."

"पळून आल्यालं. तुमच्याबी तोंडाला हाय आत्ता."

पण त्याच आठवड्यात मालगावच्या रस्त्यावर एका पिसाळलेल्या कुत्र्यानं वासराला फोडलं होतं आणि ते वासरू हंबरत हंबरत मेलं होतं. गल्लीत ते सगळ्यांना माहीत होतं. दुपारपर्यंत तुंब्याच्या कानाचीही बातमी सगळ्यांना कळली. तात्याबानं आपल्या नातवंडांना घरात घेतलं, दाराला आडवी फळी लावली आणि फळीच्या आतून बोलू लागला.

"जोतीराम, माझं काय तुझ्या कुत्र्याशी भांडन न्हाई. पन पोरं हायेत घरात. नगरपालिकेच्या मानसांना सांगावं लागंल."

नगरपालिकेची माणसं आली की काय होतं ते जोतीरामला माहीत होतं. त्यानं तुंब्याला दोरी बांधली आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर धन्यकुमार सांगलीकडच्या एका जैन शेतकऱ्याचा मुलगा. वयानं तरुण, पण बोलणं सावकाश. त्यांनी कान बघितला, जखम धुतली, सुया सुरू केल्या. मग जोतीरामच्या तोंडाकडे बघून त्याला बाकावर बसवलं.

"सुया देतोय, पण नुसत्या सुयांवर मी खात्री देणार नाही," ते म्हणाले. "खात्री एकाच गोष्टीनं होईल. जे कुत्रं चावलं, ते दहा दिवसांनंतर जिवंत, खातंपितं कुणी बघितलं, तर तुमच्या कुत्र्याला काही झालेलं नाही. लाळेत रोग उतरलेलं कुत्रं चावल्यावर दहा दिवस काढत नाही."

"आन ते घावलंच न्हाई तर?"

"तर हे बांधून ठेवायचं. महिने लागतील. जवळ जायचं नाही, लाळ लागू द्यायची नाही. पाणी पितं का बघायचं, खातं का बघायचं. उगाच अंगावर येतं का. आवाज बदलतो बऱ्याचदा, तोही बघायचा."

एवढ्या सगळ्यातलं जोतीरामनं एकच वाक्य उचललं. घरी आल्यावर तो शालूबाईला म्हणाला, "आवाज बदलतो म्हनाले." ते सांगताना त्याला हायसं वाटलेलं तिला दिसलं. खाण्यापिण्यातलं त्याला काय कळणार होतं. आवाज मात्र त्याच्या हातातली गोष्ट होती.

तात्याबाशी ठरलं ते असं. डॉक्टरांचे दहा दिवस तो गप्प बसेल. तेवढ्यात ते दुसरं कुत्रं धडधाकट आहे असं कळलं तर ठीक, नाहीतर तो नगरपालिकेत जाईल. "महिने काढायला मी काय देव न्हाई," तो फळीच्या आतून म्हणाला.

तुंब्याला अंगणातल्या खांबाला बांधलं. त्याला ते समजेना. आपण काय गुन्हा केला हे विचारत तो दोरीच्या टोकापर्यंत येई आणि शालूबाईकडे बघे. ती भाकरी लांबून टाकी, पाणी काठीनं सरकवी, आणि पदर तोंडाला लावून आत जाई. पण पहाटे तो बसे, नाक वर करी आणि सूर लावी. काळी चार. आतून जोतीरामचा दाबून धरलेला श्वास सुटल्याचं तिला ऐकू येई. मग तो उठून चहा मागे. आठवडा असा गेला. तात्याबासुद्धा सकाळी फळीवरून डोकं काढून विचारू लागला, "काय, लागली का काळी चार?"

आणि मग एका पहाटे तुंब्या उतरला.

शालूबाईला तुंब्याच्या ओरडण्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. तिनं फुंकणी बाजूला ठेवली, दूध चुलीवर ठेवलं. कुत्रं ओरडलं, थांबलं. आतून श्वास सुटला नाही. तिनं वळून बघितलं तर जोतीराम अंथरुणात उठून बसलेला, दोन्ही हात मांडीवर, जसा कुणी घरातून वाईट निरोप आल्यावर बसतो.

"काळी दोन," तो म्हणाला. "खाली आलाय."

"थंडीनं आसंल."

"चार वरसं थंडी न्हवती व्हय?"

दुसऱ्या पहाटेही काळी दोन. तुंब्या पाणी पीत होता, भाकरी खात होता, शेपूट हलवत होता. ह्यातलं काहीच जोतीरामला दिसत नव्हतं. तात्याबानं विचारलं म्हणून जोतीरामनं खरं सांगितलं, खोटं बोलणं त्याला जमत नसे. तात्याबा आधी म्हणाला, "वयात आलं आसंल," पण मग त्याचं तोंड उतरलं आणि त्यानं आणखी एक फळी लावली.

त्या दिवशी दुकानात जोतीरामनं एक घोडी बिघडवली. कानस एक ओढ जास्त चालली. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण चाचांनी तार छेडली, थांबले, आणि घोडी काढून खिशात टाकली. "जा तू," ते म्हणाले. "आधी कुत्र्याचं बघून ये. तंबोरे कुठं पळून जात नाहीत."

तो दुपारीच घरी आला. शालूबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि ठरवून टाकलं.

"उद्या जाऊ."

"कुटं?"

"मेंढरं हुडकायला."

"कृष्णेच्या काठाला कुटं गेली आसतील, कुनाला ठावं."

"मेंढरं म्हंजे काय सुई हाय व्हय हरवायला?" ती म्हणाली. "रातीला कुनाच्या ना कुनाच्या रानात बसनार. शेतकरी बोलावून न्हेतो, खत पडतं म्हून. धान्य देतो. दोन राती हितं, एक रात तितं. ज्या रानात बसली ते रान काळं व्हतं लेंड्यांनी. लेंडी वली का वाळकी ते बघायचं आन पुढं जायाचं. मला येतंय ते. तुमी निस्तं संगं चला."

प्रश्न राहिला तुंब्याच्या पाण्याचा. शालूबाई सरळ तात्याबाच्या फळीपाशी गेली. "दिसभर न्हाई आमी. पानी तुमीच ठिवायचं. काठी दाराला लावून ठिवलीया, तिनं सरकवा." तात्याबा इतका गडबडला की त्यानं हो म्हणून टाकलं.

सकाळच्या एस.टी.त शालूबाईला खिडकी मिळाली. तिनं दिवाळीचं लुगडं नेसलं होतं. का नेसलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. लग्नाला आणि मयताला सोडून दोघं मिळून कधी कुठं गेलीच नव्हती. बाहेर ऊसतोड चालू होती, तुरे पांढरे हलत होते, गुऱ्हाळांचा धूर सपाट पडून राहिला होता आणि त्याचा गोड वास गाडीत येत होता. कुत्र्याच्या जिवावर बेतलंय आणि आपल्याला वारा गोड लागतोय, याची तिला लाज वाटली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो मांडीवर बोटानं एकच तार छेडत बसला होता, जी तिथं नव्हती.

नांद्रे गावाशी उतरून ती बांधाबांधानं चालू लागली. शालूबाई पुढं, जोतीराम मागं. एका मोकळ्या रानापाशी ती वाकली, मातीतून दोन लेंड्या उचलून बोटांत चुरल्या आणि म्हणाली, "बसली हुती. पन लई दिस झालं." त्या रानाचा मालक बाळगोंडा विहिरीच्या कडेला उभा होता. जाडजूड, आनंदी माणूस. लुगडं नेसलेली एक बाई आपल्या रानातल्या लेंड्या चुरतेय हे त्यानं लांबून पाहिलं होतं.

"काय हुडकताय, बाई?"

"मेंढरं. जतकडची."

"बसली की माझ्याकडं दोन राती. आता वसगड्याच्या अंगाला गेली, रेल्वेच्या कडंला. का? चोरी झाली का काय?"

"न्हाई, दादा. त्येंच्या कुत्र्याची तब्येत इचारायची हाय."

बाळगोंडानं तिच्याकडे बघितलं, मग जोतीरामकडे. "कुत्र्याची?"

"आमच्या कुत्र्याला चावलंय ते."

"आन तुमी त्येची तब्येत इचारायला मिरजंस्नं आलाय."

"व्हय."

"लय मोठ्या मनाची मानसं," बाळगोंडा म्हणाला आणि खरोखरच गंभीर चेहऱ्यानं त्यानं दोघांना विहिरीवर बसवून ऊस कापून दिला. शालूबाईला हसू आवरेना. ऊस खाता खाता तिला ठसका लागला. जोतीरामनं तिच्या पाठीवर थाप मारली, आणि ऊस चावताना होणाऱ्या कचकच आवाजात त्याच्याही तोंडाचा एक कोपरा वर गेला. ते तिनं पाहिलं आणि आणखी एक कांडं मागून घेतलं.

कळप दिसला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रुळांच्या बाजूचं नुकतंच तुटलेलं उसाचं रान. मेंढरं पाचटात तोंड घालून उभी होती. घोंगडीच्या सावलीत एक म्हातारी लोकर कातत होती. शालूबाईनं तिला बघताच कन्नडात विचारलं, "ऊटा आत?" म्हणजे जेवण झालं का. म्हातारीच्या हातातली कातायची चाती थांबली. एवढ्या लांबच्या मुलुखात आपल्या बाजूचा शब्द ऐकून तिचा सगळा चेहरा उघडला. तिचं नाव राहीबाई. मग दोघी निम्म्या कन्नडात, निम्म्या मराठीत, पाऊस, बाजरी, कुणाची सून कुठली, असं बोलत सुटल्या. जोतीराम उभाच. त्याचे डोळे मेंढरांच्या पायांतून फिरत होते.

ते आलं, तेही तसंच. न भुंकता. काळंपांढरं, मानेत लाकडाचा ओंडका, सरळ त्याच्याकडे. जोतीराम शालूबाईच्या मागं गेला. राहीबाईनं जिभेनं टक् केलं आणि कुत्रं जागच्या जागी बसलं.

"ह्येच," जोतीराम म्हणाला. त्याला तो ओंडका आठवत होता.

शालूबाईनं कामाचं सांगितलं. राहीबाईला ते आवडलं नाही.

"आमचं कुत्रं पिसाळलंय म्हनता?"

"तसं न्हाई, आत्या. डाक्टरनं बघून यायला सांगितलं."

"तुमचं मेंढरात शिरलं आसंल. मग काय हळदीकुंकू लावायचं त्येला? कान धरून बाजूला केलं. शानं हाय म्हून कानच धरला."

"पन ते भुकत कसं न्हाई?" जोतीरामनं विचारलं. त्याचा सकाळपासूनचा पहिला प्रश्न.

"ह्येचं नावच मुक्या. पिल्लू हुतं तवापास्नं भुकलं न्हाई. काम करतं, बोलत न्हाई."

"ह्येंच्यावानी," शालूबाई नवऱ्याकडे मान करून म्हणाली. राहीबाईनं जोतीरामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिचा राग गेला. ती खोकत खोकत हसली आणि तिनं लोखंडी पाटीत पाणी ओतलं.

मुक्या उठला आणि पाणी प्यायला लागला. लप लप लप. तोंड बुडवून, मनापासून, मिशा ओल्या करत. जोतीराम उकिडवा बसला. मोठमोठ्या गवयांच्या बैठकीतही त्यानं कधी असे कान दिले नसतील. पाटी रिकामी झाली. कुत्र्यानं तिचा तळ चाटला, जांभई दिली आणि जाऊन सावलीला पडलं. दहा दिवस उलटून गेले होते. शालूबाईच्या अंगातून इतका मोठा भार उतरला की तिला एकदम भूक लागली. तिनं भाकरी सोडली, राहीबाईनं लसणाची चटणी दिली.

जोतीराम मात्र घास हातात धरून बसला.

"आता काय?" ती म्हणाली. "डोळ्यांनी बघितलं की. खातंय, पितंय."

"व्हय. डोळ्यांनी बघितलं." तो घासाकडे बघत होता. "मग तुंब्या उतरला कशानं?"

तेवढ्यात रूळ वाजू लागले. मिरजेच्या बाजूनं गाडी येत होती. त्या काळात लहान रुळांच्या जागी रुंद रूळ आले होते, आणि त्यांच्यावरून नवी थोरली इंजिनं नुकतीच धावू लागली होती. मेंढरांनी माना वर केल्या. इंजिन वळणावर आलं आणि त्यानं शिट्टी दिली. लांब, जाड, सरळ.

जोतीरामच्या हातातला घास खाली पडला.

गाडी गेली. धूर उसावर लोंबकळत राहिला. तो अजून तसाच. मग त्याच्या गळ्यातून, फार हळू, तोच सूर निघाला, आणि तो त्यानं मापून बघावा तसा लांबवला.

"काळी दोन," तो म्हणाला. "ही कसली शिट्टी?"

"गाडीची," शालूबाई म्हणाली. "घरी ऐकू येती तीच की."

"घरी कुटं ऐकू येती?"

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. मग तिला आठवलं, तो चेष्टा करत नाही.

"आवं, रोज पहाटं वाजती. मी तिच्यावरच तर चुलीवर दूध ठिवती. गाडी वाजली का तुंब्या वाजतो. मागनंच, लगोलग. आदी बारकी गाडी हुती, बारीक वाजायची. आता मोठी आलीया."

जोतीराम तिच्याकडे बघत राहिला. त्याचा बाप मिरज स्टेशनात हमाल होता. त्याचा जन्म रुळांच्या कडेच्या खोलीत झाला होता. पाळण्यात होता तेव्हापासून गाड्या त्याच्या डोक्यावरून जात होत्या, आणि त्या लहानग्या डोक्यानं झोप लागावी म्हणून कधीतरी त्या सगळ्या शिट्ट्या बाहेर ठेवून दार लावून घेतलं होतं. ते दार लावलेलं आहे हेही तो विसरला होता. तारेतला केसाएवढा फरक ज्याला कळे, त्याला सबंध रेल्वे ऐकू येत नव्हती. मिरजेत अशी माणसं घरोघर होती. फक्त त्यांच्यापैकी कुणी कानावर पोट भरत नव्हतं.

"मला कवा सांगितलं न्हाईस," तो शेवटी म्हणाला.

"तुमाला काय सांगायचं? कानाचं मानूस तुमी."

हे बोलली आणि तिला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. राहीबाई विचारत होती काय झालं, काय झालं, आणि शालूबाई कन्नडात सुरू करी, मराठीत अडके, रुळांकडे बोट दाखवी, नवऱ्याकडे दाखवी, पुन्हा हसण्यात बुडे. म्हातारीला काही कळलं नाही, पण तीही डोळे पुसत हसू लागली. जोतीरामनं खाली पडलेला घास उचलला. मग त्याचे खांदे हलायला लागले. शालूबाईला क्षणभर धसका बसला, हा रडतोय. तो हसत होता. आवाज न करता, डोळे मिटून, मुक्या पाणी प्यायला तसा मनापासून. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, कुत्र्याला चावलं ते बरं झालं. आणि लगेच तिनं मनात कान धरले.

परतताना खिडकी तिनं त्याला दिली. मिरज येईपर्यंत तो बाहेर बघत नव्हता, ऐकत होता. एस.टी.चा भोंगा, बैलांच्या घंटा, रसाच्या चरकांची करकर. मिरजेत उतरल्या उतरल्या लांबवर एक इंजिन ओरडलं आणि तो रस्त्यातच थांबला, जसं कुणी गर्दीत नावानं हाक मारावी. तिनं त्याच्या बाहीला धरून पुढं नेलं. दवाखाना वाटेवरच होता. डॉक्टर धन्यकुमार खोली बंद करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ते कुत्रं हेच याची खात्री दोनदा विचारून घेतली, आणि म्हणाले, "सोडा आता त्याला."

गल्लीत शिरल्यावर त्यांना दिसलं ते असं. तात्याबा दोन्ही फळ्या काढून आपल्या पायरीवर बसला होता. काठी आडवी मांडीवर. समोरच्या अंगणात दोरीच्या टोकाला तुंब्या बसलेला, आणि तात्याबा त्याला आपल्या धाकट्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होता. चाचाही दुकान लवकर बंद करून येऊन बसले होते.

"तीन डाव पानी प्यालं," तात्याबा यांना बघताच घाईघाईनं म्हणाला. "पुरं भांडं. मी मोजलंय. पिसाळलेलं कुत्रं कुटं पानी पितं? मी आदीपास्नं म्हनत हुतो."

शालूबाईनं अंगणातच सगळं सांगितलं. बाळगोंडाचा ऊस, राहीबाईचा राग, मुक्याचं पाणी. आणि मग ती शिट्टीवर आली. चाचांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते इतके हसले की तुंब्या उठून उभा राहिला. तात्याबाला आधी समजलं नाही. समजल्यावर तो काठी आपटत गल्लीला सांगत सुटला. माणसं दारांतून डोकावू लागली.

"म्हंजे चार वरसं," तात्याबा म्हणत होता, "चार वरसं हे बेनं रेल्वेची नोकरी करत हुतं, आन आमी त्येला गवई समजत हुतो."

"आणि आमचा जवारीवाला," चाचा डोळे पुसत म्हणाले, "तो त्याला दाद देत होता." ते थांबले, खिशात हात घालून त्यांनी ती बिघडलेली घोडी काढली, बघितली, परत ठेवली. "जोतीराम, एक सांग. आता पहाटे काय ऐकणार रं तू?"

सगळ्यांनी जोतीरामकडे बघितलं. तो तुंब्यापाशी बसला होता. दोरीची गाठ आवळून दगडासारखी झाली होती, ती तो नखांनी, घाई न करता, एकेक पेड ढिला करत सोडवत होता. तुंब्या त्याचं मनगट चाटत होता आणि तो चाटू देत होता. गाठ सुटली. कुत्र्यानं अंग झाडलं, अंगणाला दोन फेऱ्या मारल्या, शालूबाईच्या दिवाळीच्या लुगड्यावर दोन्ही पाय ठेवून आला, तात्याबाच्या पायरीचा वास घेऊन आला.

शालूबाईला वाटलं, आता हा काहीतरी म्हणेल. चाचांनाही वाटलं. गल्ली थांबली होती.

जोतीराम उठला. त्यानं धोतर झटकलं, टोपी सरळ केली, तात्याबाकडे बघितलं, चाचांकडे बघितलं, बायकोकडे जरा जास्त वेळ बघितलं. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली होती. मग तो अंगणातून बाहेर पडला आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. तुंब्या त्याच्या पुढं धावत होता.